गेमसाठी चित्रे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर कसे पारखावे: ठाण्याच्या खाडीवर एक चाचणी

ऐरोलीत दर शनिवारी माझ्याकडे चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी बरीच जण आता गेमसाठी चित्रे काढायची म्हणून येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? दरमहा वर्गणी भरून वापरायची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाहीत, आणि चोरून उतरवलेल्या प्रतीवर काम करून पुढे तो गेम विकायला काढणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. मोफत असूनही पूर्ण कामाची सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. अडते ते ती पारखण्यापाशी. बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडतात, चार ब्रश ओढून पाहतात, एखादा चेहरा काढतात आणि तेवढ्यावर मत बनवून मोकळे होतात. गेमचे चित्र मात्र चौकटीत बसवून भिंतीवर लावायचे नसते. ते तुकड्यांत काढावे लागते, तुकड्याला तुकडा जुळावा लागतो, त्यातला काही भाग हलावा लागतो, आणि गेम पूर्ण होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा बदलावे लागते. म्हणून माझा आग्रह असा असतो की एकच छोटे दृश्य निवडावे, ते चालत्या गेममध्ये दिसेपर्यंत त्याच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करावे आणि मगच त्या सॉफ्टवेअरविषयी बोलावे.

या लेखापुरते आपण ठाण्याच्या खाडीवरील ओहोटीचे दृश्य घेऊ. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आणि २०२२ साली रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेला हा पट्टा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने पाहता येतो. हे दृश्य निवडण्यामागे कारण आहे. त्यात गेमच्या चित्रकाराला रोज लागणारी तिन्ही कामे एकत्र येतात: सलग पसरणारा चिखल, चिखलावर चालणारा फ्लेमिंगो आणि मागे एकामागे एक उभे असलेले तिवरांचे रान, इमारती आणि पारसिकचा डोंगर. शक्य असेल तर थंडीत किंवा मे महिन्याच्या आत, भरती-ओहोटीची वेळ पाहून, एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे आणि वहीत पेन्सिलीने चार टिपणे करून आणावीत. नेटवरचा फोटो समोर ठेवून काढलेला फ्लेमिंगो आणि स्वतः पाहून काढलेला फ्लेमिंगो यांच्या उभे राहण्यातच फरक पडतो.

सॉफ्टवेअरची निवड

सुरुवात क्रिटापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायातून वाढलेले क्रिटा खास रंगवण्यासाठी घडवलेले आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळते. विंडोजच्या स्टोअरवर आणि स्टीमवर तेच पैसे घेऊन दिले जाते, कारण ती रक्कम पुढील विकासासाठी वापरली जाते. कमावू लागल्यावर तिथून विकत घ्यावे; शिकताना संकेतस्थळावरचे उतरवून घेण्यात संकोच नसावा. गिम्प हे त्याहून जुने, १९९० च्या दशकापासूनचे सॉफ्टवेअर असून फोटो दुरुस्त करणे, कातरणे, आकार बदलणे यांत ते उत्तम आहे. पण तासन्‌तास ब्रशने रंगवताना माझा हात क्रिटात जितका सैल राहतो तितका गिम्पमध्ये राहत नाही. मायपेंट हलके आहे, त्याचा कॅनव्हास कडा नसलेला आहे, आणि पहिल्या कच्च्या कल्पना मांडायला ते फार छान वाटते. मोठ्या ठोकळ्यांची पिक्सेल आर्ट करायची असेल तर मात्र वाट वेगळी आहे. तिथे लिब्रेस्प्राइट किंवा पिक्सेलोरामा घ्यावे, कारण एकेक पिक्सेल मोजून ठेवण्याच्या कामाला रंगाच्या ब्रशांचा पसारा आडवाच येतो.

एक शंका हटकून विचारली जाते: सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे असेल तर आपले चित्रही मुक्त होते का? होत नाही. परवाना त्या प्रोग्रामच्या कोडला लागू असतो. तुम्ही काढलेले चित्र तुमचे असते आणि ते तुम्ही विकू शकता. काळजी घ्यायची ती बाहेरून आणलेल्या ब्रशांची, फोटोंची आणि पोतांची. त्यांचे परवाने स्वतंत्र असतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे, त्याखालील सामग्री विकायच्या गेममध्ये चालत नाही. कुठून काय घेतले याची नोंद पहिल्या दिवसापासून एका साध्या फाईलमध्ये ठेवावी. सहा महिन्यांनी ती आठवून लिहिता येत नाही.

पेन आणि मेमरी

माऊसने रंगवून चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची परीक्षा करू नये. पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट पुरेसा आहे, कोणाचा तरी वापरलेला मिळाला तरी चालेल. पहिले काम म्हणजे पेनचा दाब ओळखला जातो की नाही हे पाहणे. हलक्या हाताने सुरू करून दाब वाढवत एक रेघ ओढावी. ती बारीक सुरू होऊन जाड झाली पाहिजे. माझ्या पहिल्या लॅपटॉपवर ती सगळी एकाच जाडीची येत होती. मी सॉफ्टवेअरला दोष दिला, तीनदा काढून पुन्हा घातले आणि जवळजवळ आठवडा वाया घालवला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. विंडोजवर पेनची माहिती दोन मार्गांनी पोहोचते, एक विनटॅब आणि दुसरा विंडोज इंक. क्रिटाच्या सेटिंगमध्ये टॅब्लेटच्या पानावर यांपैकी एक निवडता येतो आणि माझ्या टॅब्लेटला न जुळणारा मार्ग निवडलेला होता. पर्याय बदलून क्रिटा बंद करून पुन्हा उघडल्याबरोबर रेघ जिवंत झाली. त्याच पानावर पेन तपासण्याची छोटी खिडकीही आहे, तिचा उपयोग करावा. त्याचबरोबर टॅब्लेटच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची चौकट आणि पडद्याची चौकट एकाच प्रमाणात आहेत ना हे पाहावे. नाहीतर काढलेले वर्तुळ अंड्यासारखे उमटते आणि आपण आपल्या हातावर शंका घेत बसतो.

मेमरीचा हिशोब कागदावर एकदा करून ठेवावा. नेहमीच्या आठ बिट रंगात एका पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणून २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचा एक भरलेला लेयर, म्हणजे चित्रात एकावर एक ठेवायच्या पारदर्शक थरांपैकी एक थर, १६ एमबी घेतो आणि ४०९६ गुणिले ४०९६ चा ६४ एमबी. असे ३० लेयर झाले की जवळपास २ जीबी फक्त लेयरांनीच व्यापले. चुका मागे घेण्यासाठी ठेवलेला इतिहास त्याशिवाय. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्रश अडखळू लागला तर आधी चित्राचा आकार पाहावा, मग सॉफ्टवेअरला बोल लावावा. सोळा बिट रंग निवडला तर हाच आकडा दुप्पट होतो, आणि साध्या गेमच्या चित्रांना त्याची गरज नसते.

चिखलाची टाईल

आता कामाला लागू. टाईल म्हणजे शेजारी शेजारी मांडून मोठी जागा भरायचा चौकोनी तुकडा. ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची नवी फाईल घ्यावी, रंग एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), आठ बिट. कीबोर्डवर डब्ल्यू दाबताच क्रिटात चित्र चारही बाजूंना स्वतःचीच पुनरावृत्ती करू लागते. उजव्या कडेवरून बाहेर गेलेला ब्रश डाव्या कडेतून आत येतो. टाईल काढणाऱ्यासाठी या एका सोयीचे मोल मोठे आहे. गिम्पमध्ये हेच काम ऑफसेटने करावे लागते: चित्र निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने सरकवायचे, म्हणजे कडा मधोमध येतात, मग मधला सांधा रंगवून बुजवायचा. ते जमते, पण रंगवताना परिणाम समोर दिसत नाही.

ओहोटीचा चिखल तपकिरी असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो करडा असतो आणि वर पाण्याचा पातळ थर असल्यामुळे आकाशाचा रंग घेतो. सकाळी निळसर राखाडी, संध्याकाळी जवळजवळ गुलाबी. त्यामुळे मधला करडा रंग भरून घ्यावा, मोठ्या, कडक कडेच्या ब्रशने थोडे गडद आणि थोडे फिके डाग टाकावेत, आणि मग खेकड्यांची बिळे म्हणून बारीक काळसर ठिपके द्यावेत. हे करताना हाताकडे लक्ष असू द्यावे. कंट्रोल धरून टिचकी मारली की कॅनव्हासवरचा रंग उचलला जातो, शिफ्ट धरून ओढले की ब्रश लहान-मोठा होतो, पेनच्या उजव्या बटणाने आवडते ब्रश आणि रंगचक्र समोर येते. अर्ध्या तासानंतरही या गोष्टी मेनूत शोधाव्या लागत असतील तर तसे टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशीही तीच अडचण आली तर ते सॉफ्टवेअर तुमच्या हाताचे नाही, असे समजायला हरकत नाही.

टाईल झाल्यासारखी वाटली की चित्र लांब न्यावे, म्हणजे पडद्यावर ती पंचवीस-तीस वेळा दिसेल, आणि डोळे बारीक करून पाहावे. इथे नव्वद टक्के पहिल्या टाईली फसतात. कुठेतरी एक बीळ जरा जास्त काळे झालेले असते किंवा पाण्याची एक चमक जास्त उजळ असते. एका टाईलमध्ये ती देखणी वाटते, पण तीस टाईलींमध्ये तीच चमक रांगेने उभी राहते आणि खाडीऐवजी फरशी दिसू लागते. उपाय एकच: टाईल शांत ठेवायची. जे काही नजरेत भरणारे आहे, म्हणजे पाण्याचे डबके, शिंपला, रुतलेली फांदी, ते टाईलमध्ये न रंगवता पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळे काढायचे आणि गेममध्ये हवे तिथे टाईलवर ठेवायचे. एकाच टाईलच्या दोन-तीन जवळच्या आवृत्त्या केल्या तर पुनरावृत्ती आणखी लपते. सीबीडी बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी रचलेले आर्टिस्ट व्हिलेज पाहिले असेल त्यांना ही गोष्ट लवकर पटते: साधी, एकमेकांशी नाते सांगणारी घरे छोट्या अंगणाभोवती मांडली की तेच ते असूनही कंटाळवाणे वाटत नाही, कारण वेगळेपण मांडणीत आहे.

फ्लेमिंगो आणि पांढरी कड

पक्ष्यासाठी आधी सबंध आकार एकाच सपाट रंगात भरावा आणि लांबून पाहावा. नुसत्या सावलीसारख्या आकारावरून तो फ्लेमिंगो म्हणून ओळखू आला तरच पुढे जावे. खाडीत दोन जाती दिसतात: मोठा फ्लेमिंगो फिकट असतो आणि त्याची गुलाबी चोच टोकाला काळी असते, तर छोटा अधिक गडद गुलाबी असून त्याची चोच जवळजवळ सगळीच काळपट असते. फोनच्या छोट्या पडद्यावर गडद चोच अधिक स्पष्ट वाचता येते, म्हणून मी छोटा घेतो. आकार पक्का झाला की त्या लेयरचा अल्फा लॉक लावावा. त्यानंतर कितीही मोकळेपणाने रंगवले तरी रंग आकाराच्या बाहेर सांडत नाही.

या टप्प्यावर सर्वांना छळणारा एक दोष सविस्तर सांगायला हवा. पांढऱ्या कॅनव्हासवर पक्षी रंगवून नंतर पांढरा भाग पुसला, की गेममध्ये पक्ष्याभोवती पांढरट कड दिसते. ब्रशच्या मऊ कडेवरचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात आणि त्यांत पांढरा रंग आधीच मिसळलेला असतो. पुसल्याने तो निघत नाही. माझ्या पहिल्या कामातील चाळीसएक चित्रे याच कारणाने मला पुन्हा काढावी लागली होती. तेव्हापासून मी पक्षी नेहमी रिकाम्या, पारदर्शक लेयरवर रंगवतो आणि त्याखाली चिखलासारख्या मध्यम करड्या रंगाचा तात्पुरता लेयर ठेवतो. निर्यात करताना खालचा लेयर लपवायचा आणि पीएनजीमध्ये पारदर्शकता राखण्याचा पर्याय चालू आहे ना हे पाहायचे. जेपीईजीत पारदर्शकता टिकतच नाही, त्यामुळे तो प्रकार इथे बादच. गोडॉट हे मोफत गेम इंजिन, म्हणजे तुकडे जोडून गेम बांधण्याचे सॉफ्टवेअर, चित्र आत घेताना पारदर्शक कडांमागील लपलेले रंगही सारखे करून घेते, पण आधीच पांढऱ्यात मिसळलेल्या कडेला त्याने काही होत नाही.

चालण्यासाठी आठ चित्रे पुरतात. क्रिटातील टाइमलाइनवर ती एकामागे एक काढता येतात आणि आधीच्या-नंतरच्या चित्रांची पुसट छाया खाली दिसते. फ्लेमिंगोचा मागे वाकणारा सांधा म्हणजे गुडघा नव्हे, तो घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे ध्यानात ठेवले की पाय उचलताना तो सांधा नेमका कुठे जाईल ते आपोआप कळते आणि चाल माणसासारखी होत नाही. चित्रे क्रमांक दिलेल्या पीएनजींच्या रूपात बाहेर काढावीत आणि सेकंदाला बारा या गतीने चालवून पाहावीत.

मागचे पट

पार्श्वभूमीच्या लेयरांचे तीन गट, म्हणजे तीन पट, करावेत: जवळचे तिवरांचे रान, त्यामागच्या इमारती व डोंगर, आणि आकाश. गेमचा पडदा १९२० गुणिले १०८० असेल तर पट दुप्पट, म्हणजे ३८४० रुंद ठेवावा. थंडीतल्या सकाळच्या धुरकटपणामुळे पारसिकचा डोंगर आकाशाहून जेमतेम गडद दिसतो. तो तितकाच फिका रंगवण्याचे धैर्य दाखवावे, नाहीतर तो पुढे येऊन फ्लेमिंगोशी भांडू लागतो. प्रत्येक गट स्वतंत्र फाईल म्हणून बाहेर काढण्याची सोय क्रिटात आहे. गोडॉटमध्ये हे पट वेगवेगळ्या वेगाने सरकवले की खोली तयार होते.

दुकानाची पाटी किंवा गेममधील सूचना मराठीत लिहायची असेल तर ते अक्षर चित्रात रंगवून टाकू नये, इंजिनमध्ये मजकूर म्हणून ठेवावे. गोडॉटच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटत. २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा मुक्त परवान्याचा फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

सगळे तुकडे इंजिनमध्ये बसले की गेम फोनवर घ्यावा आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दुपारी खिडकीशी बसून पाहावा. घरातल्या दिव्याखाली उठून दिसणारे चिखलातले बारीक रंगभेद उन्हात पूर्ण नाहीसे होतात. पक्षी आणि चिखल यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक पुरेसा आहे की नाही हे तिथे एका नजरेत कळते, आणि घरी येऊन काय बदलायचे तेही.

बदलाची चाचणी

क्रिटाची मूळ केआरए फाईल कधीही लेयर एकत्र करून जतन करू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकदम दाबले की क्रिटा पुढचा क्रमांक देऊन नवी प्रत ठेवते. दिवसाच्या शेवटी ही सवय असावी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज अचानक जाते, म्हणून आपोआप जतन होण्याचे अंतर मी पाच मिनिटांवर आणून ठेवले आहे.

मग शेवटची परीक्षा. त्याच फाईलमधून, काहीही नव्याने न रंगवता, सकाळच्या ओहोटीची संध्याकाळची भरती करून पाहावी. वेळ एक तास. चिखलाच्या टाईलवर रंग बदलणारा फिल्टर लेयर ठेवून ती पाण्याची करायची, डबक्यांचे लेयर लपवायचे, आकाशाच्या गटावर केशरी छटेचा लेयर चढवायचा, तिवरांची मुळे पाण्याखाली जातील इतका पट खाली सरकवायचा. एका तासात हे झाले, तर लेयरांची रचना तुमच्या डोक्यात बसली आहे आणि सॉफ्टवेअर तुमच्या बाजूने आहे. पुढच्या गेमचे काम त्यात बिनधास्त सुरू करावे. नाही झाले, तर नेमके कुठे अडले ते लिहावे आणि पुढच्या शनिवार-रविवारी हेच दृश्य, याच मापांनी, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घ्यावे. खाडीवरची टिपणे आणि रंगांच्या नोंदी तयार असल्यामुळे दुसऱ्या वेळी निम्माच वेळ लागतो.